रत्नागिरीत राहून प्रोसेसरवर संशोधन: सुरुवात कुठून करायची आणि कोणाला लिहायचं

प्रश्न विचारणारी मुलगी राजापूर तालुक्यातली. रत्नागिरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉम्प्युटर आर्किटेक्चर (प्रोसेसरची आतली रचना) आणि एम्बेडेड सिस्टिम्समध्ये (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक) संशोधन करायचंय. कॉलेजात त्यासाठी लॅब नाही, या विषयात काम करणारं कोणी नाही, आयआयटीच्या प्राध्यापकांना पाठवलेल्या मेलना उत्तर येत नाही, आणि उन्हाळी इंटर्नशिपचे महिने नेमके घरच्या आंब्याच्या हंगामात येतात. ‘इथून हे जमेल का, आणि जमणार असेल तर सुरुवात कशाने करू?’ असं ती विचारते.

जमेल. लॅब नाही म्हणून अडलंय, हे आधी डोक्यातून काढून टाक. कॉम्प्युटर आर्किटेक्चरचं बरंचसं काम सिम्युलेटरवर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि सिम्युलेटरला लॅपटॉप पुरतो. एम्बेडेडसाठी लागणारे बोर्ड आता एका टर्मच्या झेरॉक्सच्या खर्चात येतात. खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे पदवीला ‘प्रोजेक्ट’ करायला शिकवतात. बोर्ड आणला, सेन्सर जोडला, मोबाईलवर आकडा दिसला, ब्लॅक बुक बांधली, व्हायवा झाला. वस्तू चालते, पण ती चालल्यामुळे कोणालाही आधी ठाऊक नव्हतं असं काही कळत नाही. संशोधनात वस्तू चालणं ही सुरुवात असते. तिच्याबद्दल एक नेमका प्रश्न विचारायचा, तो मोजून सोडवायचा, आणि दुसऱ्याला तसाच्या तसा मोजून पाहता येईल असा ठेवायचा.

तुझ्याच बागेतलं उदाहरण घे. एक सेन्सर नोड, म्हणजे मोजून आकडा पाठवणारा बॅटरीवरचा छोटा बोर्ड, दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, दोन सेकंद 80 मिलिअँपिअर घेतो आणि उरलेला वेळ 10 मायक्रोअँपिअरवर झोपतो. सरासरी काढलीस तर 0.19 मिलिअँपिअरच्या आसपास येते. 2600 मिलिअँपिअर-अवरचा सेल कागदावर दीड वर्षाहून जास्त टिकला पाहिजे. आता रेंज कमी असल्यामुळे नेटवर्कला जोडून घ्यायला त्याला दोनाऐवजी सहा सेकंद लागतात असं धर. सरासरी 0.54 वर जाते आणि तोच सेल साडेसहा महिन्यांत संपतो. झोपेतले 10 चे 5 मायक्रोअँपिअर करण्यात महिना घालवलास तरी या हिशोबात फारसा फरक पडणार नाही. मग प्रश्न उभा राहतो: जागं राहण्याचा वेळ नेमका कशात जातो, आणि रेंज खराब असताना नोडने पाठवायचा हट्ट करावा की डेटा साठवून पुढच्या वेळेची वाट बघावी? तुझ्या वर्गातल्या प्रत्येक ‘स्मार्ट इरिगेशन’च्या पोटात हा प्रश्न आहे. तो कोणी काढून मोजत नाही, एवढंच.

सुरुवातीला घ्यायला मला सगळ्यात आवडणारा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय पिको 2. ऑगस्ट 2024 मध्ये आला, किंमत पाचशे रुपयांच्या आसपास. त्यावरच्या आरपी2350 चिपमध्ये दोन आर्म कॉर्टेक्स-एम33 कोअर आहेत आणि हॅझर्ड3 नावाचे दोन रिस्क-फाइव्ह कोअर. आर्म आणि रिस्क-फाइव्ह हे दोन वेगळे इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचे संच; रिस्क-फाइव्ह कोणालाही वापरायला खुला आहे. कोणते वापरायचे ते आपण ठरवायचं. हॅझर्ड3 चं व्हेरिलॉग (हार्डवेअरची रचना लिहायच्या भाषेतला कोड) खुलं आहे, म्हणजे जो कोअर तुझ्या हातात चालतोय त्याची पाइपलाइन, आज्ञा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात ती साखळी, तू ओळीने वाचू शकतेस. एकच सिलिकॉन, तीच 520 किलोबाइट रॅम, तेच 150 मेगाहर्ट्झचं घड्याळ आणि दोन वेगळे इन्स्ट्रक्शन सेट. आर्म आणि रिस्क-फाइव्ह यांची तुलना करायची तर एरवी दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिप घ्याव्या लागतात आणि फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. इथे बाकी बरंच काही आपोआप सारखं राहतं.

तरीही ही तुलना वाटते तितकी सोपी नाही, आणि शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे. पहिला खड्डा फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे दशांशातल्या गणितांचा. एम33 मध्ये त्यासाठी सिंगल प्रिसिजनचं (32 बिटांचं) हार्डवेअर आहे, हॅझर्ड3 मध्ये नाही. दशांशातली गणितं दिलीस तर आर्म जिंकणार, पण त्यातून इन्स्ट्रक्शन सेटबद्दल काही कळणार नाही. एकाकडे ते यंत्र होतं आणि दुसऱ्याकडे नव्हतं, इतकंच सिद्ध होईल. म्हणून आधी पूर्णांकातली कामं घे: सीआरसी (डेटातली चूक पकडणारा हिशोब), सॉर्टिंग, फिक्स्ड पॉइंटमधला (पूर्णांकांवर चालवलेला) फिल्टर. दुसरा खड्डा फ्लॅशचा. प्रोग्रॅम चिपबाहेरच्या फ्लॅश मेमरीतून 16 किलोबाइटच्या कॅशमार्फत, म्हणजे नुकतं लागलेलं हाताशी ठेवणाऱ्या छोट्या जलद मेमरीमार्फत येतो. कोड कॅशमध्ये बसला की आकडे एक, नाही बसला की दुसरे. मोजायचा भाग रॅममध्ये ठेवून एकदा मोज आणि फ्लॅशमधून चालवून एकदा. दोन्ही आकडे लिही. तिसरा कंपायलर. जीसीसी या खुल्या कंपायलरची आवृत्ती तीच, ऑप्टिमायझेशनची पातळी तीच, आणि दोन्हीचं असेंब्ली आउटपुट शेजारी ठेवून वाचायचं. वेळ मोजायला दोन कोअरचे दोन वेगळे सायकल काउंटर वापरण्यापेक्षा चिपवरचा सामाईक टायमर घे, म्हणजे गज एकच राहील. इंटरप्ट बंद कर, मोजमाप पुष्कळ वेळा कर, आणि नुसती सरासरी देऊ नकोस. मधला आकडा आणि पसारा दोन्ही दे.

हे झालं की प्रश्न अजून बारीक करता येतो. हॅझर्ड3 मध्ये कोड लहान करणारी आणि बिट हाताळणारी एक्स्टेन्शन्स, म्हणजे जादा आज्ञांचे गट आहेत. कंपायलरला दिलेल्या एका पर्यायात बदल करून ती एकेक चालू-बंद करता येतात. कुठल्या एक्स्टेन्शनने कुठल्या प्रकारच्या कामाचा कोड किती टक्क्यांनी लहान होतो, आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते का? यात आर्किटेक्चर आहे, एम्बेडेडही आहे, आणि एका सेमिस्टरमध्ये होण्यासारखं आहे. एखाद्या विद्यार्थ्याने असा नीट केलेला एक तक्ता पाठवला तर मी त्याचे मार्क बघायला पुढे जातच नाही.

वीज मोजायची असेल तर साधनाची मर्यादा आधी समजून घे. बाजारात सहज मिळणाऱ्या आयएनए219 या करंट मोजणाऱ्या मॉड्यूलवर 0.1 ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) असतो आणि त्याची सगळ्यात लहान पायरी 10 मायक्रोव्होल्टची, म्हणजे 0.1 मिलिअँपिअरची. बोर्ड जागा असताना ते चालेल; झोपेतले 10 मायक्रोअँपिअर त्याला दिसणारच नाहीत. महागडं उपकरण नसेल तर कपॅसिटरने काम होतं. मोठा कपॅसिटर भर, सप्लाय काढ, नोडला एक पूर्ण फेरी त्यावर चालू दे आणि व्होल्टेज कुठून कुठे उतरलं ते बघ. सुरुवातीच्या आणि शेवटच्या व्होल्टेजच्या वर्गांतला फरक, त्याला कपॅसिटन्सने गुणून निम्मा केला की खर्च झालेली ऊर्जा मिळते. मात्र नोड न जोडता कपॅसिटर आपला आपण किती उतरतो तेही मोजून ठेव. आपल्या पावसाळी हवेत ओलसर बोर्डावरूनही करंट झिरपतो, आणि तो हिशोबात धरला नाही तर जुलैतले आकडे डिसेंबरच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

आता हार्डवेअरला हातही न लावता करायचं काम. चॅम्पसिम नावाचा खुला सिम्युलेटर आहे. प्रोग्रॅम चालताना नोंदवलेला ट्रेस, म्हणजे चाललेल्या आज्ञांची यादी, त्याला द्यायची. कॅशमध्ये कुठला ब्लॉक ठेवायचा आणि कुठला काढायचा, पुढे लागणारा डेटा आधीच कसा आणून ठेवायचा, ब्रँच (प्रोग्रॅममधला फाटा) कुठे वळेल याचा अंदाज कसा बांधायचा, हे भाग आपण सी++ मध्ये लिहून बदलायचे. कॅशमधून काय काढायचं ते ठरवणारी एलआरयू आणि डीआरआरआयपीसारखी धोरणं, पुढची ओळ आणणारा साधा प्रीफेचर, बायमोडल आणि परसेप्ट्रॉन ब्रँच प्रेडिक्टर त्यात आधीच लिहिलेले आहेत. या विषयांच्या जगभरच्या खुल्या स्पर्धा होतात. 2017 ची कॅश रिप्लेसमेंटची आणि 2019 ची प्रीफेचिंगची स्पर्धा चॅम्पसिमवरच झाली, आणि 2025 मध्ये ब्रँच प्रेडिक्शनची झाली. या स्पर्धांचे निबंध आणि बरेचसे कोड खुले आहेत. त्यातला एक निवड आणि त्याचा एकच आलेख स्वतःच्या लॅपटॉपवर परत काढून दाखव. जुळला तर तुला विषय कळला. जुळला नाही आणि का जुळला नाही ते सांगता आलं, तर त्याहून चांगलं. वॉर्म-अपच्या (मोजणी सुरू व्हायच्या आधी कॅश भरायला चालवलेल्या) इन्स्ट्रक्शन किती धरल्या, कुठला ट्रेस घेतला, डीरॅमचं (मुख्य मेमरीचं) मॉडेल कुठलं होतं, असल्या बारकाव्यांत बहुतेक वेळा कारण सापडतं. जेम5 हा याहून मोठा आणि जास्त ताकदीचा सिम्युलेटर आहे, पण 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर त्याचं बिल्ड करतानाच धीर सुटतो. दुसरी पायरी म्हणून तो ठेव.

विषय कुठला निवडावा याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. तू कोकणात आहेस म्हणून कोकणातलाच प्रश्न घ्यायची सक्ती नाही. ब्रँच प्रेडिक्टरला किनारा माहीत नसतो. पण एम्बेडेडचे काही प्रश्न आपल्याकडे जितके तीव्र आहेत तितके बंगळुरूच्या एसी लॅबमध्ये नाहीत. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा वीजही गेली आणि मोबाईलही. ज्या दिवशी मोजमापाची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी सप्लाय आणि नेटवर्क नसतं. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आषाढात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. सौर पॅनेलवरचा नोड अशा वेळी मधेच बंद पडतो, थोडा उजेड आला की उठतो, पुन्हा पडतो.

यावर जगात गंभीर संशोधन चालू आहे; त्याला इंटरमिटंट कॉम्प्युटिंग म्हणतात. वीज कधीही जाणार हे धरूनच प्रोसेसर आणि प्रोग्रॅम बांधायचा. अर्धवट गणिताची स्थिती कधी जपून ठेवायची, किती जपायची, वीज परत आल्यावर नेमकं कुठून सुरू करायचं? फ्लॅशमध्ये लिहायच्या आधी पुसावं लागतं, आणि ती ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येते. म्हणून या कामात एफ-रॅमवाले, म्हणजे वीज गेली तरी न पुसणारी आणि पटकन लिहिता येणारी मेमरी असलेले मायक्रोकंट्रोलर वापरतात. त्यातल्या एमएसपी430एफआर5969 या चिपमध्ये 64 किलोबाइट एफ-रॅम आहे आणि तिथे वारंवार लिहिणं स्वस्त पडतं. तरी एक गंमतीचा गुंता उरतो. प्रोग्रॅमचा तुकडा पुन्हा चालला तर तीच नोंद दोनदा होऊ शकते. पर्जन्यमापकाची बादली एकदा कलंडली आणि पाऊस दोनदा मोजला गेला, असं. प्रयोगशाळेत असल्या वीजपुरवठ्याची नक्कल करायला सिग्नल जनरेटर लावतात. तुझ्याकडे जून ते सप्टेंबर खराखुरा पुरवठा आहे. पॅनेलचं व्होल्टेज सेकंदासेकंदाला नोंदवून चार महिन्यांचा डेटा नुसता नीट, तारीखवार खुला ठेवलास तरी या विषयात काम करणारे तो वापरतील. पेटी निवडताना फक्त पाणी आत जाऊ नये एवढंच बघू नकोस. आत अडकलेला दमटपणा आणि खारी हवा कनेक्टर खातात. बोर्डाला कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ लेप) दे आणि सिलिका जेल बदलत राहा.

काय घेऊ नकोस तेही सांगतो. हापूसमधला साका (बाहेरून न दिसणारा, आतून खराब झालेला गर) न कापता ओळखायचा, हा विषय आपल्याकडे प्रत्येक बॅचमधलं कोणीतरी घेतं. प्रश्न फार मोलाचा आहे, पण त्याचा गाभा फळाच्या आत बघणाऱ्या सेन्सरमध्ये आहे, प्रोसेसरमध्ये नाही. शेकडो आंबे कापून खात्री करावी लागते आणि पदवीच्या वेळात ते बसत नाही. बागेचा विषय हवाच असेल तर पानांवरचा ओलावा किंवा तापमान यांसारखं साधं मोजमाप घे आणि डोकं ऊर्जा आणि विश्वासार्हतेवर खर्च कर. तुझं मोजमाप बरोबर आहे का हे ताडून बघायला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातले लोक उपयोगी पडतील. त्यांना पत्र लिहून, वेळ घेऊन भेट.

आता संधी. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची अशा तीन अकादम्या मिळून ती देतात. दोन महिने एखाद्या संशोधकाकडे काम, मानधनासह. त्याचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमाराला निघतात, म्हणून गणपतीच्या सुट्टीतच लिहायला घे. ही फेलोशिप शिक्षकांनाही मिळते, हे फार कमी जणांना माहीत आहे. तुझ्या सरांना नक्की सांग. ते जाऊन आले तर पुढच्या बॅचला कॉलेजातच विचारायला माणूस मिळेल. आयआयटींच्या स्वतःच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या सूचना बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये येतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात ईसिम नावाचं सर्किट डिझाइनचं खुलं सॉफ्टवेअर बनतं आणि तिथे मार्कांपेक्षा दिलेलं काम करून दाखवण्यावर निवड ठरते.

घरी राहून करण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि मे महिन्यात काढणी-भरणी सोडून जाणं शक्य नसेल तर तुझ्यासाठी तोच रस्ता बरा. रिस्क-फाइव्ह इंटरनॅशनल ही संस्था लिनक्स फाउंडेशनच्या एलएफएक्स मेंटॉरशिपमार्फत विद्यार्थ्यांना घेते. वर्षातून तीन फेऱ्या होतात, काम ऑनलाइन असतं आणि मानधन मिळतं. गूगल समर ऑफ कोडमध्ये खुल्या चिप डिझाइनचे प्रकल्प येतात. त्यातले लहान प्रकल्प 90 तासांचे असतात आणि तारखा मागेपुढे करता येतात. पेट्या भरायच्या दिवसांत सकाळी बागेत आणि रात्री कोड, असं करणारी मुलं आहेत, पण मेंटॉरला ते पहिल्याच आठवड्यात सांगून ठेव. न सांगता गायब झालेला विद्यार्थी पुन्हा घेतला जात नाही.

भारतात प्रोसेसर बनवणारे गट आहेत, तेही डोळ्यासमोर ठेव. आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅक तिरुवनंतपुरमचा वेगा, आयआयटी मुंबईचा अजित. पहिले दोन रिस्क-फाइव्हवरचे, अजित स्पार्क या जुन्या इन्स्ट्रक्शन सेटवरचा. एप्रिल 2022 मध्ये सरकारने रिस्क-फाइव्हसाठी डीआयआर-फाइव्ह कार्यक्रम जाहीर केला, त्यात शक्ती आणि वेगा दोन्ही आहेत. वेगाचे एरीज नावाचे छोटे बोर्ड विद्यार्थ्यांसाठीच काढले आहेत. अशा बोर्डाला एखाद्या नेहमीच्या सेन्सरचा ड्रायव्हर (बोर्डाला सेन्सरशी बोलायला लावणारा कोड) नसेल तर तो लिहून, तपासून दे. त्या गटाच्या नजरेत येण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. पदवीनंतर आयआयटी आणि आयआयएससीमध्ये प्रोजेक्ट असोसिएटच्या जागा निघतात. एक-दोन वर्षं तिथे काढून मग एमएस किंवा पीएचडीला जाणारे बरेच असतात.

मेलचं उत्तर का येत नाही ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्याकडेही असे अर्ज येतात: मला या विषयाची खूप आवड आहे, मी मेहनती आहे, कृपया संधी द्यावी, सोबत दोन पानी रेझ्युमे. तोच मजकूर पन्नास जणांना गेलाय हे पहिल्या ओळीत कळतं. त्याऐवजी असं लिही: ‘तुमच्या कॅश रिप्लेसमेंटवरच्या निबंधातला अमुक आलेख मी चॅम्पसिमवर पुन्हा काढला. चार ट्रेसवर आकडे जुळतात, एकावर जुळत नाहीत. वॉर्म-अप दुप्पट केल्यावर फरक कमी झाला, पण गेला नाही. कोड आणि एका कमांडने चालणारी स्क्रिप्ट इथे आहे. हा फरक अपेक्षित आहे का?’ एवढंच. सहा-सात ओळी, एक आलेख, एक लिंक. इंटर्नशिपचा विषय दुसऱ्या मेलमध्ये काढ. प्राध्यापक फार गर्दीत असतील तर त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना लिही. ते तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतात आणि आपल्या कामाचा कोड कोणीतरी चालवून बघितला याचा त्यांना मनापासून आनंद होतो. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, मग पुढच्याकडे जा.

पैशांबद्दल सावध राहा. इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याकडूनच फी घेणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे प्रमाणपत्र मिळतं आणि अनुभव मिळत नाही. तसंच पैसे भरले की चार दिवसांत निबंध छापणारी जर्नल्स. कॉलेज गुणांसाठी आग्रह धरेल, तरी तिथे आपलं चांगलं काम घालवू नकोस; निवड समितीत बसलेला माणूस त्या जर्नलचं नाव ओळखतो आणि उलट शंका घेतो. त्यापेक्षा डिसेंबरमध्ये भारतात होणाऱ्या हायपीसी या वेगवान संगणनाच्या परिषदेत विद्यार्थ्यांसाठी वेगळं संशोधन सत्र असतं, जानेवारीत चिप डिझाइनची व्हीएलएसआय डिझाइन परिषद असते. इस्का या आर्किटेक्चरच्या मुख्य आंतरराष्ट्रीय परिषदेबरोबर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी यूआर्च नावाची मार्गदर्शन कार्यशाळा होते. पोस्टर स्वीकारलं गेलं नाही तरी परीक्षकांचे शेरे मिळतात, आणि रत्नागिरीत बसून आपलं काम त्या विषयातल्या माणसाकडून फुकट तपासून घ्यायचा तो एक खात्रीचा मार्ग आहे. यंदा पिको 2 वरचा तक्ता पुरा झाला तर हायपीसीच्या विद्यार्थी सत्राच्या मुदतीकडे आताच लक्ष ठेव.